बिनआवाजाचा कॉम्प्युटर

सांगितलेल्या किमतीला वस्तू घेणं म्हणजे अप्पांना स्वतःचा अपमान वाटायचा. सरकारी भांडाराच्या खरेदी विभागात त्यांची उभी हयात गेली होती. टाचण्यांपासून लोखंडी खाटांपर्यंत सगळं त्यांच्या हातून घेतलं गेलं, आणि समोरचा व्यापारी कितीही मुरलेला असो, अप्पांच्या टेबलावरून उठताना तो रुमालाने मान पुसतच उठायचा. निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, पण खोड राहिली, आणि ती घरावर निघू लागली. निम्म्या किमतीत मिळाली म्हणून आणलेली व्यायामाची सायकल गॅलरीत उभी होती. तिच्यावर टॉवेल वाळायचे. सात भांड्यांचा मिक्सर होता. त्यातलं एक भांडं माई वापरायच्या, बाकीची पलंगाखाली. "अगं, भाव बघ ना भाव!" असं अप्पा म्हणायचे, आणि माई भावाकडे न बघता पलंगाखाली जागा करायच्या.

अशा घरात सुनेला कॉम्प्युटर घ्यायचा होता.

सून पुस्तकं वाचायची. म्हणजे तेच तिचं काम होतं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी एक संस्था पुस्तकं आवाजात उतरवून घ्यायची. सून एका स्टुडिओत बसून ती वाचायची, मग अडखळलेली वाक्यं कापायची, श्वासांचे फुसफुस आवाज काढायची आणि प्रकरण स्वच्छ करून द्यायची. त्या वर्षी स्टुडिओच्या मालकाने जागा विकली. जाताना त्याने सुनेच्या हाती काही रक्कम ठेवली आणि एक जुना स्क्रीनही दिला. संस्थेच्या संचालिकाबाईंचा फोन आला, "घरून करशील का? आम्हाला आवाज तुझाच हवाय." सून हो म्हणून मोकळी झाली.

घरात अडगळीची एक बिनखिडकीची खोली होती. तिने ती रिकामी केली, भिंतींना जुन्या गाद्या उभ्या लावल्या, दाराला आतून जाड पडदा शिवला. तिचा नवरा, म्हणजे अप्पांचा मुलगा, रुग्णवाहिका चालवायचा. पाळी बदलण्याच्या दिवशी त्याने छतालाही रजया ठोकून दिल्या. दार लावून तो क्षणभर आत उभा राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "आत गेलं की कानात कापूस घातल्यासारखं होतं."

"म्हणजे झकास जमलंय," सून म्हणाली.

माइक होता, स्क्रीन होता, खोली होती. अडलं होतं ते कॉम्प्युटरपाशी. तिचा जुना लॅपटॉप जरा तापला की त्याचा पंखा असा घोंघावायचा, की ती वाक्य अर्धवट सोडून त्याच्या थंड होण्याची वाट बघत बसायची.

"मी येतो बरोबर," अप्पांनी जाहीर केलं. "तुला दुकानात उघड्यावर सोडायचं नाही. लुटतील."

अप्पांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पण खाटेमधलं तरी त्यांना कुठे कळत होतं? भाव करायला वस्तू कळावी लागत नाही, समोरचा माणूस कळावा लागतो, असं त्यांचं पक्कं मत होतं.

पहिलं दुकान मोठं होतं. काचेचं दार, थंडगार हवा, आणि मधोमध चौथऱ्यावर ठेवलेला एक कॉम्प्युटर. त्याच्या कॅबिनेटची एक बाजू काचेची होती आणि आत निळे-जांभळे-लाल दिवे रंग बदलत फिरत होते. अप्पा त्याच्यासमोर थबकले. विक्रेता हसतमुख होता, गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर.

"काका, हाच घ्या. याच्यापुढे काही नाही. सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड आहे यात."

"घेऊ की," अप्पा म्हणाले. "पण ही किंमत कुठल्या जन्मातली लावलीये?"

आणि ते सुरू झाले. सुनेने मात्र पर्समधून एक पेन ड्राइव्ह काढला आणि विक्रेत्याच्या सहकाऱ्याला विचारलं, "माझं काम बरोबर आणलंय. ते यावर चालवून बघू का?"

सहकारी गोंधळला. आजवर गिऱ्हाइकांनी त्याला रंग विचारले होते, हप्ते विचारले होते, पण स्वतःचं काम खिशात घालून कोणी आलं नव्हतं. तो म्हणाला, "बघा."

मग सून त्या रंगीत कॉम्प्युटरसमोर बसली. तिने एक संपूर्ण प्रकरण उघडलं, मागची खरखर पुसण्याचं काम त्याला लावलं, वर पुस्तकाची पानंही उघडून ठेवली, म्हणजे रोज जे करायची ते सगळं. आणि कॉम्प्युटरचा कुठला भाग किती राबतोय हे दाखवणारी एक खिडकी कोपऱ्यात उघडी ठेवून ती बघत बसली. मग उठून कोपऱ्यातल्या एका साध्या, काळ्या, कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या कॉम्प्युटरवर तेच सगळं पुन्हा केलं. मग परत पहिल्याकडे आली, खाली वाकली आणि चक्क त्याच्या काचेला कान लावला.

इकडे अप्पा रंगात आले होते. ते दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. विक्रेत्याने मॅनेजरला बोलावलं. अप्पांनी मॅनेजरला खुर्ची दिली. शेवटी किंमत इतकी खाली आली की मॅनेजरने रुमाल काढला. वर हेडफोन फुकट, दिव्यांचा कीबोर्ड फुकट, आणि मागे टेकून झोपता येईल अशी एक खुर्ची निम्म्या किमतीत. अप्पांना पुन्हा आपल्या जुन्या टेबलाशी बसल्यासारखं वाटलं. ते विजयी मुद्रेने सुनेकडे वळले.

"झालं! घे लिहून."

सून उभी राहिली. तिने हळूच, पण न अडखळता म्हटलं, "अप्पा, हा नको."

"काय?"

"हा माझ्या कामाचा नाही."

मॅनेजरने रुमाल परत खिशात ठेवला. अप्पांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चारचौघांत त्यांनी केलेला सौदा कोणी असा मोडला नव्हता, साहेबांनीसुद्धा. ते काचेचं दार ढकलून बाहेर पडले, आणि घरी येईपर्यंत सुनेच्या पुढे चार पावलं चालत राहिले.

घरी त्यांनी अबोला धरला. जेवताना मीठ हवं होतं, ते माईंकडे मागितलं, जरी मीठ सुनेच्या हाताशी होतं. माईंनी ते सुनेकडून घेऊन त्यांच्याकडे सरकवलं आणि तोंड फिरवून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा गॅलरीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. सून दोन कप चहा घेऊन आली आणि समोरच्या स्टुलावर बसली. अप्पांनी पान उलटलं.

"अप्पा, एक विचारू? तुमच्या खरेदी विभागात वस्तू कुठली घ्यायची, हे कोण ठरवायचं?"

कामाचा प्रश्न होता, त्यामुळे अबोला थोडा बाजूला ठेवणं भाग पडलं. "ज्या विभागाला लागते तो विभाग. ते लिहून द्यायचे, काय हवं, कसं हवं. आम्ही त्यात पडत नसू. आम्ही भाव."

"आणि खाटा मागितल्या असताना तुम्ही स्वस्तात मिळाल्या म्हणून कपाटं आणली असती तर?"

"घरी बसवलं असतं मला," अप्पा म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं. वर्तमानपत्र खाली आलं.

"मग मी तो विभाग," सून म्हणाली. "काय हवं ते मी सांगते. भाव तुम्ही. तुमच्यासारखा भाव मला सात जन्मांत जमणार नाही. काल त्या मॅनेजरचं तोंड बघितलं मी."

अप्पांनी चहाचा घोट घेतला. "घामाघूम झाला होता, नाही?"

"नुसता घाम नाही. खुर्ची कशी दिली, हे त्याचं त्यालाच कळलं नाही."

अबोला तिथेच विरघळला. मग अप्पांनी तोंडातल्या तोंडात विचारलं, "पण त्यात वाईट काय होतं?"

"वाईट काहीच नव्हतं. फक्त त्यातला सगळ्यात महागडा भाग माझ्या कामात झोपून होता." तिने सांगितलं, की ग्राफिक्स कार्ड खेळ आणि चित्रपटांच्या कामाला लागतं, आवाजाच्या कामात त्या खिडकीत त्याचा आकडा शून्यावरून हललाच नाही. खरखर पुसायला रंगीत कॉम्प्युटरला जेवढा वेळ लागला, त्याहून साध्याला थोडासाच जास्त लागला. "तेवढ्यात मी पाणी पिऊन येते, त्यासाठी एवढे पैसे कशाला? पण साधाही जसाच्या तसा नको. त्याची मेमरी कमी पडली. म्हणजे एका वेळी जेवढं काम उघडं ठेवता येतं ती जागा. मी पुस्तकाची पानं उघडली तशी ती गच्च भरली आणि सगळं अडकलं. तिथे पैसे घालायचे. आणि शांततेला घालायचे."

"शांततेला?"

"त्या रंगीत डब्यात पंख्यांची फौज आहे, अप्पा. माझ्या खोलीत माझ्याखेरीज कोणी बोलायचं नाही."

अप्पा तिच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर त्यांनी वस्तूची किंमत खाली आणली होती; पण वस्तूतून वस्तू काढून तिची किंमत खाली आणता येते, हे त्यांना कोणी दाखवलं नव्हतं.

"कॉम्प्युटर खोलीच्या बाहेर ठेवला तर?" त्यांनी विचारलं. त्यांना आता खरोखर रस वाटू लागला होता.

"वायरींमुळे दाराला फट राहते. आणि फटीतून तुमच्या टीव्हीवरच्या बातम्या आत येतात."

दुसरं दुकान एका गल्लीत होतं, अरुंद आणि खोल. समोर काउंटर, मागे एक लांब टेबल, त्यावर उघडी कॅबिनेटं, स्क्रूंच्या वाट्या, वाकणाऱ्या मानेचा दिवा. गिऱ्हाईक सांगेल ते सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवून द्यायचा, हा तिथला धंदा. दुकानदार जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस होता. शेजारच्या चाव्या बनवण्याच्या दुकानातून सारखी घरघर येत होती.

सुनेने एकेक सांगायला सुरुवात केली, आणि अप्पा तिच्या बाजूला हाताची घडी घालून उभे राहिले, जसे ते कधीकाळी निविदा उघडताना उभे राहायचे.

"प्रोसेसर मधला. ज्यात चित्र दाखवायची सोय आतच असते, तो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको."

"पुढेमागे लागलं तर?" दुकानदार म्हणाला.

"लागलं तर तेव्हा घेईन. जागा आहे ना बोर्डावर?"

"आहे."

"मग आज नको. मेमरी भरपूर हवी, पण चारही खाचा भरू नका. दोन रिकाम्या ठेवा. कामाची डिस्क वेगवान द्या, मोठी नको. झालेली पुस्तकं ठेवायला माझ्याकडे जुनी डिस्क आहे. कीबोर्ड, माउस, स्क्रीन काही नको."

दुकानदाराने लिहिता लिहिता मान वर केली. "कॅबिनेट कुठलं? काचेचं आहे, दिव्यांचं आहे."

"पत्र्याचं. जाड पत्र्याचं असेल, आतून अस्तर असेल तर उत्तम. आणि पंखा एकच, मोठा. मोठा पंखा हळू फिरला तरी पुरतो ना?"

"पुरतो," दुकानदार म्हणाला. "ताई, तुम्ही हे काम करता का कुठे?"

"नाही हो. मी पुस्तकं वाचते."

अप्पांची मान नकळत ताठ झाली. एरवी ते अशा वेळी म्हणाले असते की आमच्या घरात सगळे हुशारच. पण आज त्यांनी फक्त दुकानदाराकडे असं पाहिलं, की बघितलंत?

मग त्यांची पाळी आली. सुनेने ठरवलेल्या एकेका भागाला हात घालून त्यांनी दुकानदाराला असा काही सोलला की तोही मनापासून हसायला लागला. डिस्कवर सूट, मेमरीवर सूट, जोडणी फुकट. शेवटी कॅबिनेट राहिलं.

"याच्याबरोबर पॉवर सप्लाय धरा," अप्पा म्हणाले. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देणारा डबा, एवढं त्यांना आता कळलं होतं. "त्याचे वेगळे पैसे देणार नाही."

दुकानदाराने डोकं खाजवलं. "साधा आहे माझ्याकडे एक. तो देतो फुकट. चांगला हवा तर पैसे पडतील."

"चालतो ना साधा?"

"चालतो."

अप्पांनी सुनेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा काल मोडलेला सौदा परत जुळल्यासारखा फुलला होता. सुनेने क्षणभर त्या साध्या डब्याकडे बघितलं, मग सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे. आणि म्हणाली, "चालेल."

कॉम्प्युटर घरी आला. पत्र्याचा, करड्या रंगाचा, दिवा एकच, तोही हिरवा आणि बारीक. "हाच का तो?" माईंनी विचारलं. शेजारचे डोकावले आणि लगेच परत गेले. पण सून त्यावर बसली की तो कुरकुर न करता चाले. प्रकरण, पानं, खरखर पुसण्याचं काम, सगळं एकदम. पंखा आहे की नाही, हे हात लावून बघावं लागे. शिवाय स्टुडिओच्या रकमेतून एवढे पैसे उरले, की संस्थेकडून पहिला चेक येईपर्यंत घरखर्चाची चिंता मिटली. अप्पा भेटेल त्याला सांगू लागले, "आमच्या सुनेने कॉम्प्युटर घेतला. काय घेतलं नाही, ते विचारा."

आणि मग एक दिवस सून खोलीतून बाहेर आली ती तोंड बारीक करून.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"आवाज येतोय."

"कसला?"

"शिट्टीसारखा. अगदी बारीक. मी वाक्य संपवून थांबते ना, त्या थांबण्यात ऐकू येतो."

अप्पा तिच्याबरोबर खोलीत शिरले. गाद्यांच्या त्या गुहेत ते पहिल्यांदाच बसत होते. सुनेने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि प्रकरण लावलं.

अप्पांना सुनेचा आवाज रोज ऐकू यायचा. 'जेवायला चला' म्हणणारा, फोनवर हसणारा. हा आवाज तोच होता आणि तो नव्हताही. एक म्हातारा नावाडी पुराच्या पाण्यात होडी घालायची की नाही यावर विचार करत होता, आणि सुनेचा आवाज त्या नावाड्याइतका दमला होता, तितकाच हट्टी होता. पलीकडच्या काठावर कोणीतरी कंदील हलवत होतं. अप्पा पुढे झुकले.

सुनेने बटण दाबलं. "आला का ऐकू?"

"तू बंद का केलंस? होडी घातली का त्याने?"

"अप्पा! शिट्टी!"

"हां. शिट्टी." अप्पांनी हेडफोन दाबून धरले. सुनेने फक्त थांबण्याच्या जागा एकेक करून ऐकवल्या. अप्पांनी डोळे मिटले, श्वास रोखला. काही नाही. नुसती काळीभोर शांतता.

"मला नाही येत," ते म्हणाले.

मुलगा घरीच होता. त्याने ऐकलं आणि भुवया चढवल्या. "हो, आहे. डास लांब असल्यासारखा. पण एवढं कोण ऐकतंय?"

"जे ऐकतात त्यांच्याकडे ऐकण्याखेरीज काही नाही," सून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आणि हा पुसायला गेलं की 'स' आणि 'श' बोथट होतात. बोबडं वाचल्यासारखं."

आवाज कुठून येतो तेही तिने शोधून काढलं होतं. एका जाड कागदाची सुरळी करून तिचं एक तोंड कानाला लावायचं आणि दुसरं कॅबिनेटवरून हळूहळू फिरवायचं. पंख्यापाशी काही नाही, डिस्कपाशी काही नाही. मागे, वरच्या कोपऱ्यात, पॉवर सप्लायपाशी सुरळी नेली की शिट्टी मोठी होई.

अप्पांना आठवला तो फुकटचा डबा.

"माझीच चूक," सून म्हणाली. "बाकी सगळ्यांना विचारलं, माझ्या खोलीत तू काय करशील. यालाच नाही विचारलं."

तिने तुमचा फुकटचा डबा असं म्हटलं असतं, तर अप्पांनी वाद घातला असता. ती तसं म्हणाली नाही, म्हणून त्यांना जास्त लागलं. तिने त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून 'चालेल' म्हटलं होतं, हे त्यांना आता स्वच्छ दिसलं. ती वाचायच्या कामाला परत आत गेली, जुना लॅपटॉप घेऊन, तो घोंघावला की थांबत थांबत. अप्पांनी चपला घातल्या.

गल्लीतल्या दुकानात चाव्यांची घरघर चालूच होती.

"तुम्ही दिलेला पॉवर सप्लाय शिट्टी वाजवतो," अप्पा म्हणाले.

दुकानदाराने तसलाच एक डबा टेबलावर घेतला, वायर जोडली, कान लावला. "मला तर काही येत नाही. तुम्हाला येतो?"

"नाही."

दुकानदार बघत राहिला. "काका, तुम्हालाही येत नाही, मलाही येत नाही. मग आवाज आहे कुठे?"

"माझ्या सुनेला येतो," अप्पा म्हणाले. "तिला येतो म्हणजे आहे."

असलं वाक्य खरेदी विभागातल्या अप्पांनी कधी ऐकून घेतलं नसतं. तिथे प्रत्येक गोष्ट मोजून, वजन करून, शिक्का मारून घ्यायची. पण ते बोलताना त्यांना जराही ओशाळल्यासारखं झालं नाही. जिने काचेला कान लावून महागडा कॉम्प्युटर नाकारला, जिने कागदाच्या सुरळीने शिट्टीचा कोपरा पकडला, तिचे कान त्यांना स्वतःच्या कानांहून भरवशाचे वाटत होते.

दुकानदार हसला नाही. तो मागच्या फळीवरून एक खोकं घेऊन आला. "आपल्या वयात बारीक आवाज जातात, काका. ताई म्हणतात तर असेलही. साध्या डब्यांमध्ये होतं तसं. हा घ्या. काम हलकं असेल तर याचा पंखासुद्धा फिरत नाही. शिट्टी आली तर परत आणा, दुसरा देईन. पण हा फुकट नाही." आणि त्याने किंमत सांगितली.

अप्पांचं तोंड सवयीने उघडलं. पहिला आकडा जिभेवर आलाही होता. पण त्यांच्या मनात आलं, आपण इथे ओढायला लागलो की हा पुन्हा काहीतरी 'चालणारं' काढील. सुनेला चालणारं नको होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि पाकीट काढलं. दुकानदार नोटा हातात घेऊन वाट बघत राहिला, की हे आता काहीतरी म्हणतील.

"मोजून घ्या," अप्पा म्हणाले.

घरी मुलाने जुना डबा काढून नवा बसवला. सुनेने कॉम्प्युटर चालू केला, सगळ्यांना खोलीबाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. बाहेर अप्पा, माई आणि मुलगा, तिघे भिंतीला पाठ लावून उभे राहिले, जशी माणसं शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर उभी राहतात. दार उघडलं तेव्हा सुनेच्या गळ्यात हेडफोन होते.

"काहीच नाही," ती म्हणाली. "नुसती मी."

माईंनी हुश्श केलं. सुनेने विचारलं, "अप्पा, कितीला दिला?"

अप्पांनी किंमत सांगितली.

"आणि मुळात केवढा होता?"

"तेवढाच."

माईंनी इतक्या झटक्याने मान वळवली की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. संध्याकाळी सुनेने ते पैसे आणून दिले, अप्पांनी नको म्हटलं, ती म्हणाली, "विभागाचा खर्च आहे, अप्पा." मग त्यांनी ते घेतले.

नावाड्याचं पुस्तक ठरल्या वेळी गेलं. संचालिकाबाईंनी फोन करून एवढंच विचारलं, की स्टुडिओ कुठला घेतलास? घरातली अडगळीची खोली म्हटल्यावर त्यांना खरं वाटेना. पाठोपाठ एका जाडजूड कादंबरीचं काम आलं, तीन पिढ्यांची गोष्ट, माणसांची ही गर्दी. असं मोठं काम पाठवण्याआधी कोणीतरी पुस्तक हातात धरून ओळीओळीने ऐकायला लागतं. स्टुडिओत त्यासाठी माणूस असायचा. सुनेने माईंना विचारलं, पण माईंना ऐकता ऐकता डुलकी लागायची.

"मी आहे की," अप्पा म्हणाले. "बारीक शिट्ट्या सोडून बाकी सगळं ऐकू येतं मला."

तेव्हापासून दुपारी अप्पा गॅलरीत बसायला लागले. कानांवर हेडफोन, मांडीवर पुस्तक, ओळीखाली बोट. बातम्या बंद झाल्या. सून जे वाचेल ते ते असं तपासायचे, जशी पूर्वी आलेल्या मालाची खेप तपासायचे; मात्र मध्येच एखाद्या वाक्याशी बोट थांबायचं, आणि ते चुकीसाठी नव्हे, नुसतंच पुन्हा ऐकायचे. एकदा कादंबरीत सासूने सुनेला माहेरी पाठवल्याचा प्रसंग होता. अप्पांनी तो तीन वेळा ऐकला, डोळे पुसले, आणि मग उठून अडगळीच्या खोलीच्या दारावर टकटक केली.

सुनेने दार उघडलं. "चुकलं का काही?"

"चुकलंय," अप्पा घसा साफ करत म्हणाले. "पुस्तकात 'मामी' आहे, तू 'मावशी' म्हणालीयेस. बाकी सोन्यासारखं झालंय, तेवढं पुन्हा कर."

सून हसली, पान उघडून बघितलं आणि दार लावून घेतलं. अप्पा परत गॅलरीत येऊन बसले, आणि हेडफोन चढवून पुढचं प्रकरण लावलं.